तीस टक्के वारा

९ ऑगस्ट

मायना काय लिहावा यात अर्धी सकाळ गेली. 'चि. सौ.' लिहावं तर ते आता चालत नाही, 'सूनबाई' लिहावं तर तो शब्द कोर्टाने मागच्या वर्षीच खोडला. छापखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला पानाच्या डोक्यावर कोरी जागा बघवत नाही, पण सोडली आहे. समजून घे.

पत्राचं कारण फुटबॉल. हसू नकोस. आमच्या बागेतल्या बाकावरच्या मंडळींनी एक नवा उद्योग काढलाय, त्याला फॅन्टसी फुटबॉल म्हणतात. यात आपण स्वतः काही खेळायचं नसतं, त्यामुळे गुडघे शाबूत राहतात. लीगमधल्या खऱ्या संघांतून आपल्याला आवडतील ते अकरा खेळाडू निवडायचे आणि आपला एक संघ बनवायचा. शनिवार-रविवारी ते लोक आपापल्या खऱ्या सामन्यांत जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. गोल केला की गुण मिळतात, गोलकीपरने एकही गोल खाल्ला नाही तरी मिळतात. एकाला कर्णधार करायचं, त्याचे दुप्पट. माझ्या संघाचं नाव 'बहिरे बहाद्दर'. नाव आमच्यातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी ठेवलं, मी हरकत घेतली नाही.

आमच्यात एक दंतवैद्यबाई आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांचे दात घशात घातले. तेव्हा मी जरा डोकं चालवलं. माझा गोलकीपर चांगला आहे, पण चेंडू ओला झाला की तो त्याला साबणाची वडी समजतो. शनिवारी त्याचा सामना बंदराच्या शहरात आहे. तिथे पाऊस पडेल का? मोबाइलवर छत्रीचं चित्र दिसतं, पण ते मेलं रोजच दिसतं.

फोन केला असता, पण मशीनच्या धडधडाटाने माझे कान माझ्या आधीच निवृत्त झाले, हे तुला माहीत आहे, म्हणून ही ई-मेल. चिरंजिवांना या पत्राची कल्पना नाही. लपवलं नाही, कोणी विचारलं नाही, एवढंच.

अण्णा


११ ऑगस्ट

आदरणीय अण्णा,
नमस्कार. आमच्या हवामान खात्याचं पत्रक रोज सकाळी आणि संध्याकाळी संकेतस्थळावर लागतं. ते सगळ्यांना सारखंच खुलं असतं. कृपया तिथे बघावं.

शनिवारी बंदरावर पाऊस सकाळी संपेल. सामना दुपारी असल्यास चेंडू कोरडा असेल. मात्र समुद्रावरून वारा आहे. उंच मारलेले चेंडू वळतील. गोलकीपर ठेवायला हरकत नाही, पण बाजूने चेंडू आत टाकणाऱ्यांवर विसंबू नये.

फुटबॉलमधलं मला कळत नाही. वाऱ्यातलं लिहिलं आहे.

आईंना नमस्कार.


२० ऑगस्ट

प्रिय वेधशाळा,

हा मायना तुझ्या सासूबाईंचा. तू घरात असताना त्या पाठीमागे तुला हेच म्हणायच्या, 'वेधशाळा उठली का?' म्हणून. तुला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. आता दुसरं काही सुचत नाही, तेव्हा हेच चालवू.

गोलकीपरने एकही गोल खाल्ला नाही. दंतवैद्यबाईंचा भरवसा बाजूने चेंडू टाकणाऱ्या एका पोरावर होता. त्याने सगळे चेंडू प्रेक्षकांना वाटले. बाई मला म्हणाल्या, 'अण्णा, नशीब जोरात आहे तुमचं.' पोस्टमास्तर मात्र संशयी माणूस. त्यांनी कानाशी येऊन ओरडून विचारलं, 'कुणाला विचारता?' मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचे काही फायदे असतात.

संकेतस्थळ बघितलं. तिथे लिहिलंय, 'आकाश अंशतः ढगाळ राहील, काही ठिकाणी हलका पाऊस.' आता काही ठिकाणी म्हणजे कुठे? आमचा उंचाडा खेळतो ते ठिकाण त्यात येतं का? (उंचाडा म्हणजे माझा आघाडीचा गडी. डोक्याने गोल करतो, पायांचा उपयोग फक्त चालण्यासाठी.) रविवारी त्याचा सामना पठारावरच्या शहरात आहे. त्याला कर्णधार करू का?

अण्णा


२२ ऑगस्ट

अण्णा,
'वेधशाळा' ठाऊक होतं. भिंती पातळ होत्या.

पठारावर रविवारी ऊन कडक आहे आणि सामना भर दुपारी. उंचाड्याचं वय किती? पस्तिशीच्या पुढे असेल तर उत्तरार्धात पळणार नाही. एखादा तरुण बघा.

पाऊस सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे पाऊस बघतात. तुम्ही वारा बघत जा. पत्रकात तो शेवटच्या ओळीत असतो, लोक तिथवर वाचत नाहीत.

आईंचा गुडघा कसा आहे?


२२ सप्टेंबर

प्रिय वेधशाळा,

गुडघा बरा आहे, जिना उतरताना तेवढा कुरकुरतो. गुणतक्त्यात मी आता दुसरा. उंचाड्याला बसवलं ते बरं केलं, त्याला खरंच उन्हाने घेरी आली. त्याच्या जागी एक तरुण डावखुरा घेतलाय, डाव्या पायाने लांबून गोल मारतो.

एक गोष्ट झाली. आईंनी पकडलं. मी टाइप करत होतो, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, मला कुठलं कळणार! सगळं वाचून झाल्यावर खांद्यावर बोट टोचलं.

'किती दिवस चाललंय हे?'

'फुटबॉलचं आहे.'

'ते दिसतंय. तिला विचारलंत का, जेवते का वेळेवर? रात्रपाळ्या तशाच आहेत का?'

'हवामानाचं पत्र आहे हे, त्यात जेवण कुठे घालू?'

'घाला कुठेही. वाऱ्याच्या खाली घाला.'

तेव्हा वाऱ्याच्या खाली विचारतो, जेवतेस का वेळेवर?

चिरंजीव रविवारी येतात. तब्येत उत्तम. हल्ली शर्टांना इस्त्री करतात. बाकी घरी सगळं ठीक, विशेष काही नाही.

अण्णा


२७ सप्टेंबर

अण्णा,
आईंना सांगा, जेवते. पाळ्या तशाच आहेत. ऑफिससमोरच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत, त्यामुळे जाण्यायेण्यात वेळ जात नाही. खिडकीतून ऑफिसच्या गच्चीवरचं वाऱ्याचं यंत्र दिसतं. सुट्टीच्या दिवशीही नजर तिकडे जाते. लग्न मोडायला हे एक कारण झालं होतं, असं तुमचे चिरंजीव म्हणायचे. ते अगदीच खोटं नाही. तो दिवसा जागा असायचा आणि मी दिवसा झोपलेली. भांडायलाही गाठ पडत नसे.

सामने आता मीही बघते. आवाज बंद ठेवून. तुमचा डावखुरा चांगला आहे, पण त्याचे लांबचे फटके वाऱ्यात टिकत नाहीत.


१० ऑक्टोबर, शनिवार

अण्णा,
घाईत आहे, ड्युटीवरून लिहिते. आज डावखुऱ्याचा सामना तुमच्याच शहरात आहे ना? संध्याकाळकडे तुमच्या बाजूला ढग जमतील. असा ढग कोसळताना थंड हवा एकदम खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तसा जोराचा झोत येण्याची शक्यता मला तीस टक्के वाटते. इशारा द्यायला चाळीस लागतात, म्हणून पत्रकात घातलेलं नाही. पण डावखुऱ्याला कर्णधार करू नका. जमल्यास बसवाच.


११ ऑक्टोबर

प्रिय वेधशाळा,

तुझा झोत आला. मी टीव्हीवर बघत होतो. गोलच्या मागचा जाहिरातीचा मोठा फलक हलायला लागला आणि उचकटून खालच्या लोकांवर आला. मला आवाज येत नाही, त्यामुळे लोक तोंडं उघडून धावताना दिसले, ओरडणं नाही. बाकीचे सुटले, एक माणूस खाली सापडला. पेपरात लिहिलंय, त्याचं रंगाचं दुकान आहे. कंबरेला मार आहे, जिवंत आहे.

डावखुऱ्याला मी बसवलं होतं. या आठवड्यात मी पहिला आलो. कळवायचं म्हणून कळवतो.

अण्णा


१९ ऑक्टोबर

प्रिय वेधशाळा,

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही म्हणून पुन्हा लिहितो. या आठवड्यात हवामान विचारत नाही, सामने पुढे ढकलले आहेत. तुझी तब्येत बरी आहे ना, एवढंच कळव.

अण्णा


२ नोव्हेंबर

तू का लिहीत नाहीस ते माझ्या लक्षात आलं आहे. तुला कोणीतरी सांगितलं असणार, आणि ते मी सांगायला हवं होतं.

चिरंजिवांचं लग्न ठरलं आहे. मुलगी त्यांच्याच ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. स्वभावाने चांगली आहे, माझ्याशी बोलताना ओरडत नाही, समोर येऊन सावकाश बोलते. जानेवारीत नोंदणी पद्धतीने करणार आहेत. ऑगस्टमध्ये तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच हे ठरत आलं होतं. मला वाटलं, हे कळलं की तू हवामान सांगणं बंद करशील. स्वार्थ होता. थोडा फुटबॉलचा, बाकीचा दुसरा.

रागावली असशील तर तसं लिही. कोरं ठेवू नकोस.

अण्णा


४ नोव्हेंबर

अण्णा,
लग्नाचं मला माहीत नव्हतं. तुमच्याच पत्रातून कळलं. रागावले नाही. दोनदा वाचलं आणि चहा करून प्यायले. इस्त्रीचे शर्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. इतकं उघड चिन्ह मी ढगांच्या बाबतीत सोडलं नसतं.

न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दहा तारखेला तुमच्या भागाचं पत्रक माझ्या सहीने गेलं होतं. त्यात 'वारा मध्यम' असं आहे. आता चौकशी बसली आहे. नियमाप्रमाणे मी बरोबर आहे, चाळीस टक्क्यांच्या खाली इशारा देत नाहीत. खोटा इशारा गेला की सामने रद्द होतात, बोटी बंद राहतात, मग दुसऱ्या दिवशी वरून फोन येतात. तीन वर्षांपूर्वी मला तसे फोन आले होते. त्यामुळे तिसाचे चाळीस करताना हात आखडतो, हे मला मान्य आहे.

पण त्याच सकाळी मी तुम्हाला लिहिलं. तुम्हाला लिहिताना नियम आड आला नाही. अंदाज चुकला असता तर काय, एक डावखुरा उगाच बसला असता. म्हणजे मला जी शंका होती ती एका माणसाला कळली आणि तीही खेळातल्या कर्णधारासाठी. मैदानात बसलेल्या लोकांना ती कळायचं काही कारणच नव्हतं.

समितीला याची माहिती नाही. काय करावं याचा विचार करते आहे. तुम्हाला आधी सांगणं योग्य वाटलं.


५ नोव्हेंबर

प्रिय वेधशाळा,

लगेच लिहितो. तुझं ते पत्र माझ्याकडे आहे, ते मी पुसून टाकतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातून संगणकात काहीही होऊ शकतं. तूही पुसून टाक. कोणी विचारलं तर आपण फक्त गोलकीपरबद्दल बोलत होतो.

आता माझंही ऐक. त्या दिवशी चिरंजीव आणि होणारी सून मॅचला निघाले होते. तिकिटं काढलेली होती. मी तुझं पत्र वाचून त्याला निरोप पाठवला, 'जाऊ नको, वारा सुटणार आहे.' त्याने उलट लिहिलं, 'अण्णा, वाऱ्याला घाबरून मॅच सोडायची का?' मग मी लिहिलं, स्वयंपाकघरातला नळ फार गळतोय, आईचा पाय घसरेल, ताबडतोब ये. नळ गळत नव्हता. तो येईपर्यंत मी पान्याने गळता केला. दोघं आले, भिजले, मॅच चुकली म्हणून कुरकुरले.

ते बसणार होते त्या बाजूला काही झालं नाही, हे मी नंतर बघितलं. तेव्हा तुझ्यामुळे वाचला वगैरे मी म्हणणार नाही. पण मी माझी माणसं घरी ठेवली. पोस्टमास्तरांचा भाचा तिथे होता, हे मला माहीत होतं. त्यांना मी काही बोललो नाही, कारण मग कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं, आणि शनिवारचा माझा संघ उघडा पडला असता. भाच्याला काही झालं नाही, पण हे असं आहे.

पुसून टाक.

अण्णा


८ नोव्हेंबर

अण्णा,
पुसू नका. मी काल समितीकडे सगळा पत्रव्यवहार दिला. गोलकीपर, उंचाडा, आईंचा गुडघा, सगळं गेलं. काढून काय द्यायचं हे ठरवता आलं नाही.

नोंद घेणाऱ्या बाईंनी विचारलं, 'हे गृहस्थ तुमचे कोण?'

मी म्हटलं, 'माजी सासरे.'

त्यांनी पेन थांबवलं. 'असं नातं असतं?'

'तुमच्या रकान्यात दुसरं काही बसत असेल तर ते लिहा.'

त्यांनी 'परिचित' लिहिलं.

तुम्हाला एक पत्र येईल, त्या दिवशी काय झालं ते विचारतील. झालं तसं लिहा. नळाचंही.


२६ नोव्हेंबर

प्रिय वेधशाळा,

पत्र आलं. खाकी पाकीट, त्यावर शिक्का. नेमके चिरंजीव घरात होते, त्यांनीच सही करून घेतलं आणि उघडलं. वाचून माझ्यासमोर येऊन बसले. मी ओठांकडे बघत होतो.

'ऑगस्टपासून?'

'हो.'

'माझ्याबद्दल काय लिहिता तिला?'

'काही नाही.'

'काहीच नाही?'

'शर्टांना इस्त्री करतोस, एवढं लिहिलं.'

त्याने समितीचं पत्र पुन्हा उचललं, त्यात मी तुला लिहिलेलं काही काही उतरवून घेतलं होतं. मग नळाचा परिच्छेद आला, तिथे मात्र हसू आलं त्याला, आवरता आवरेना. म्हणाला, 'मी त्या नळाखाली तासभर पाठ मोडून घेतली.' नंतर जाताना म्हणाला, 'तिला लिहा, यात तिची चूक नाही.' मी म्हटलं, 'तुला वाटतं ना, मग तूच लिही. मी काय टपालखातं आहे?'

मी समितीला झालं तसं कळवलं. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

बाकावरही सांगितलं. ते जास्त जड गेलं. दंतवैद्यबाईंना म्हटलं, त्या आठवड्याचे माझे गुण काढून टाका. त्यांनी विचारलं नाही की कशाला, काढले. मी आता शेवटून दुसरा. पोस्टमास्तर मात्र चार दिवस माझ्या बाजूला बसले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन बसले आणि कानाशी ओरडले, 'भाच्याचं सांगायला हवं होतंत.' मी म्हटलं, 'हो.' त्यापुढे आम्ही दोघंही समोरची झाडं बघत बसलो.

अण्णा


२१ डिसेंबर

अण्णा,
निकाल लागला. फलकाचे बोल्ट गंजलेले होते, ती जबाबदारी मैदानाच्या व्यवस्थापनाची. माझं पत्रक नियमाला धरून होतं. खासगी अंदाज दिल्याबद्दल मला लेखी ताकीद आहे आणि सहा महिने जुन्या नोंदींच्या विभागात काम. तिथे खिडकी नाही. यापुढे कोणालाही, कोणत्याही कारणाने, खासगीत हवामान सांगायचं नाही.

मी एक सूचना दिली होती, ती आमच्या विभागापुरती मान्य झाली. पत्रकाखाली आता एक जादा ओळ येते: 'इशाऱ्याइतकी नाही, पण शक्यता आहे.' तिथे तिसाचं तीस म्हणूनच लिहायचं. सहकारी म्हणतात, लोक गोंधळतील. गोंधळतील कदाचित.

गेल्या आठवड्यात मी रंगाच्या दुकानवाल्यांना भेटायला हॉस्पिटलात गेले होते. आता ते आधार घेऊन चार पावलं टाकतात. बायको खुर्चीत बसून मोबाइलवर दुकानातल्या माणसाला डब्यांचे नंबर सांगत होती. मी कोण ते सांगितलं, त्या दिवशी सकाळी मला काय वाटलं होतं आणि मी ते पत्रकात लिहिलं नाही, तेही सांगितलं.

ते म्हणाले, 'अहो, तुम्ही लिहिलं असतंत तरी मी गेलोच असतो. तिकिटं काढली होती. आणि तीस टक्के म्हणजे काय, न येण्याचीच शक्यता जास्त.'

मला जरा हलकं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या बायकोने मोबाइल बाजूला ठेवला.

'मी नसतं जाऊ दिलं,' त्या म्हणाल्या.

'तू कुठे वाचतेस हवामान?'

'वाचते. रोज वाचते. तुम्हाला माहीत नाही.' मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'शेवटपर्यंत वाचते मी.' त्या रागाने बोलल्या नाहीत. बसा म्हणाल्या. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

तुमच्या चिरंजिवांचं दोन ओळींचं पत्र आलं. मीही दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक लग्नाच्या शुभेच्छांची.

परतीची बस तुमच्या बागेवरून गेली. बाकावर चार जण दिसले. तुम्ही कानटोपी घालून कडेला होतात, हातवारे करून कोणाला काहीतरी पटवत होतात. थांबा पुढेच होता. उतरले नाही. काय म्हणून यायचं ते ठरेना.

आता तुम्हाला कर्णधाराबद्दल काही सांगता येणार नाही. तेव्हा लिहायला तसं कारण उरलं नाही. आईंना नमस्कार.


१९ जानेवारी

प्रिय वेधशाळा,

उत्तराला उशीर झाला, मधे लग्न होतं. नीट पार पडलं. सह्या झाल्या, फोटो निघाले, कागदावर माझं नाव चुकीचं छापलं होतं ते मी तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावलं.

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. 'उतरले नाही' इथे आल्यावर त्या म्हणाल्या, 'पुन्हा वाचा.' पुन्हा वाचलं. मग त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, लागलं त्यांना. बाहेर आल्या तर हातात प्रवासाची पिशवी. म्हणाल्या, 'ती उतरली नाही ना, मग आपण चढू या.'

मी म्हटलं, 'आपण काय म्हणून जायचं? तिलाही तोच प्रश्न पडला होता.'

'त्या रकान्यात काय लिहिलंय आपल्याला?'

'परिचित.'

'मग झालं तर. परिचितांकडे लोक जात नाहीत का?'

गुडघ्याचं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, 'गुडघा माझा आहे.' तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या बसने निघतो, संध्याकाळच्या बसने परत. तुझ्यावर कसला भार नको, डबा इथून आणणार आहेत. चिरंजिवांना सांगितलं आहे. तो म्हणाला, बसचं आरक्षण मी करून देतो, खिडकीची जागा घ्या.

या आठवड्यात कर्णधार कोणाला केला ते विचारू नकोस, नाणं उडवून ठरवलं. दंतवैद्यबाईंनी आता पत्रकाची शेवटची ओळ वाचायला सुरुवात केली आहे, तेव्हा माझं काही खरं नाही.

आई म्हणतात, तिला विचारा, स्वेटर घेऊ का. मी म्हटलं, हवामान विचारायची मनाई आहे, लेखी. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग एवढंच विचारा, रविवारी घरी आहेस का?

आहेस का?

अण्णा


२० जानेवारी

अण्णा,
आहे.

बसस्टँडवरून सरळ यावं, वळायचं कुठेच नाही, निळ्या दरवाज्याची इमारत. जिना अरुंद आहे, आईंना मी खाली येऊन हात देईन. डबा आणू नका असं लिहिणार होते. आणा.

खालची बेल बिघडली आहे. रस्त्यावरूनच हाक मारा. मी सकाळपासून खिडकीत असेन.